दोन संस्कृतींमधलं घर सर्व्हेच्या आकड्यांत कसं तोलायचं

भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारा पुरुष त्यात दिवसाला सरासरी ९७ मिनिटं घालवतो. जपानच्या २०२१ च्या तशाच सर्वेक्षणात सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरातला नवरा १ तास ५४ मिनिटं, म्हणजे ११४ मिनिटं देतो. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही बरोबर. पण ११४ मधून ९७ वजा करून 'जपानी पुरुष घरात रोज १७ मिनिटं जास्त राबतो' असं कुणी लिहिलं, तर त्या वाक्यात खरं असं काहीच उरत नाही.

९७ ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या पुरुषांची आहे. सहा वर्षं आणि त्यावरच्या पुरुषांपैकी असे निघाले २६.१ टक्के. बाकीच्यांचं शून्य हिशेबात घेतलं की सरासरी २५ मिनिटांवर येते. जपानच्या ११४ मध्ये काहीच न करणारे नवरे आधीच धरलेले आहेत. शिवाय ११४ मध्ये घरकाम, मुलांचं संगोपन, आजारी माणसांची शुश्रूषा आणि खरेदी हे सगळं मिळून आहे, तर भारताच्या ९७ मध्ये मुलांचं संगोपन नाही, ते वेगळ्या विभागात मोजलेलं आहे. भारताच्या आकड्यात शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत सगळे पुरुष येतात, जपानच्या आकड्यात फक्त तान्ह्या-लहानग्यांचे बाप, तेही नवरा-बायको-मुलं एवढ्याच घरांतले.

त्याच भारतीय सर्वेक्षणात स्त्रियांचे आकडे ८१.२ टक्के आणि २९९ मिनिटं असे आहेत. करणाऱ्यांचीच सरासरी घेतली तर स्त्री-पुरुष प्रमाण साधारण तिप्पट दिसतं. सगळ्यांची घेतली तर २४३ विरुद्ध २५, जवळजवळ दहापट. देश, वर्ष, डेटा सगळं एकच. बदलला तो फक्त छेद, म्हणजे किती जणांनी भागलं ते. म्हणून तुलनेच्या कामातला निम्मा वेळ छेद आणि व्याख्या जुळवण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नये. गणित नंतर येतं आणि त्यातलं बरंचसं शाळेतलंच असतं.

आधी प्रश्न अरुंद करा

'घरगुती जीवन' नावाचा रकाना कुठल्याच डेटाफाइलमध्ये नसतो. तिथे चार वेगळ्या गोष्टी असतात: घरात कोण कोण राहतं, कोण किती वेळ काय करतं, निर्णय कोण घेतं, आणि लोकांना काय योग्य वाटतं. या चारींची उत्तरं एकाच दिशेने जातील असं धरून चालू नका. 'नवरा-बायकोने घरकाम वाटून घ्यावं' याला भरघोस होकार देणाऱ्या समाजात वेळेचे आकडे वेगळंच सांगतात, हे वारंवार दिसतं. मतांच्या प्रश्नावरून वागणुकीचा निष्कर्ष काढणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी चूक.

प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात वय, वैवाहिक स्थिती, घराचा प्रकार, वर्ष आणि मोजमापाचं एकक आलंच पाहिजे. उदाहरणार्थ: '२५ ते ४४ वयाच्या, नवऱ्यासोबत राहणाऱ्या, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या स्त्रिया स्वयंपाक, सफाई, कपडे आणि खरेदी यांत आठवड्याच्या सरासरी दिवसाला किती मिनिटं घालवतात?' असं वाक्य कंटाळवाणं वाटतं खरं, पण पुढचे बरेच वाद तेच मिटवतं.

कोणता सर्व्हे कशासाठी

मतांसाठी दोन मोठे स्रोत आहेत. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून चालू आहे, सातवी फेरी २०१७ मध्ये सुरू झाली. दुसरा म्हणजे इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्रॅम, ज्याचा 'कुटुंब आणि बदलत्या स्त्री-पुरुष भूमिका' हा विषय १९८८, १९९४, २००२, २०१२ आणि २०२२ या वर्षी आला. घरकामासाठी हा दुसरा जास्त उपयोगी. त्यात मतांबरोबरच 'तुम्ही आठवड्याला किती तास घरकाम करता', 'तुमचा जोडीदार किती करतो', आणि कपडे धुणं, किरकोळ दुरुस्ती, आजाऱ्याची काळजी, किराणा, सफाई, स्वयंपाक ही कामं नेहमी कोण करतं, हे थेट विचारलेलं आहे. भारत आणि जपान दोघंही २०१२ च्या फेरीत आहेत. डेटा जर्मनीतल्या गेसिस संग्रहातून नोंदणी करून मोफत मिळतो.

निर्णय कोण घेतं यासाठी डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे बघा. भारतात त्याचंच रूप म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. स्वतःचे उपचार, मोठी खरेदी, माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाणं याबाबत कोण ठरवतं, हे त्यात विचारतात. पण हा सर्व्हे प्रामुख्याने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झालेला आहे, त्यामुळे भारत-बांगलादेश जोडी जमते, भारत-जपान जमत नाही. आणि भारतात फेरी ४ व ५ मध्ये हे प्रश्न फक्त सुमारे १५ टक्के घरांना, राज्य मॉड्यूल नावाच्या जादा प्रश्नसंचात, विचारलेले आहेत. सव्वासात लाख स्त्रियांचा नमुना हाती आहे असं समजून जिल्हावार तुलना करायला बसलात तर आकडे डळमळीत येतील.

वेळेसाठी प्रत्येक देशाचं स्वतःचं सर्वेक्षण असतं: भारतात २०१९ आणि २०२४ चं, जपानमध्ये १९७६ पासून दर पाच वर्षांनी, अमेरिकेत २००३ पासून दरवर्षी, युरोपात समान मार्गदर्शक सूचनांवर चालणारं. अनेक देशांच्या डायऱ्या (दिवसभरात कधी काय केलं याच्या नोंदी) आधीच एका साच्यात बसवलेला मल्टिनॅशनल टाइम यूज स्टडीही आहे. तुमचे दोन्ही देश त्यात असतील तर स्वतः जुळवाजुळव करायच्या फंदात पडू नका, तोच वापरा.

निवड करताना एक साधा नियम पाळा. दोन्ही देशांत एकाच सर्व्हेने विचारलेला मध्यम दर्जाचा प्रश्न हा दोन वेगळ्या सर्व्हेंमधल्या दोन उत्तम प्रश्नांपेक्षा बहुधा बरा. वेळेच्या डायऱ्या याला अपवाद, कारण 'आठवड्याला किती तास' असं तोंडी विचारून येणारा आकडा खूपच ढोबळ असतो. लोक ७, १०, १४, २० असे गोल आकडे सांगतात. आलेख काढून बघा, त्या आकड्यांवर सुळके उभे दिसतील.

जुळणी-तक्ता: हे केल्याशिवाय फाइल उघडू नका

एक्सेलमध्ये तीन रकाने करा: बाब, पहिला देश, दुसरा देश. प्रश्नावली, कोडबुक (फाइलमधल्या रकान्यांचे आणि कोडचे अर्थ) आणि पद्धतीचा अहवाल समोर ठेवून भरा. अहवालाचा गोषवारा पुरत नाही, प्रत्यक्ष प्रश्नावलीची पीडीएफ हवी, शक्यतो मूळ भाषेतली. ओळी साधारण या:

- क्षेत्रकाम (लोकांकडून माहिती गोळा करणं) कोणत्या महिन्यांत झालं
- वयाची मर्यादा
- एका घरातून एक माणूस निवडला की सगळे
- स्वतः उत्तर दिलं की दुसऱ्याने त्याच्या वतीने
- घराची व्याख्या
- समोरासमोर, फोनवर, कागदावर की ऑनलाइन
- प्रश्न कुणाला विचारलाच नाही
- उत्तराचे पर्याय, त्यांचा क्रम, आणि 'सांगता येत नाही' हा पर्याय दाखवला होता का
- वेट (प्रत्येक उत्तराला द्यायचं वजन), स्तर (नमुना निवडताना केलेले लोकसंख्येचे भाग) आणि क्लस्टर (नमुन्यात निवडलेल्या वस्त्या) यांच्या व्हेरिएबलची, म्हणजे रकान्यांची, नावं
- प्रतिसादाचं प्रमाण

या यादीतल्या तीन ओळी वरवर निरुपद्रवी वाटतात आणि सर्वांत जास्त घोळ घालतात.

पहिली, घराची व्याख्या. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींतच दोन संकल्पना आहेत: जे मिळून खाण्यापिण्याची सोय करतात ते एक घर, किंवा जे एका निवासस्थानात राहतात ते सगळे एक घर. भारताची सर्वेक्षणं पहिली वापरतात, एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब. एकाच इमारतीत वर-खाली राहणारे, रोज एकमेकांची मुलं सांभाळणारे दोन भाऊ चुली वेगळ्या असल्यामुळे दोन कुटुंबं होतात. निवासस्थानावर मोजणाऱ्या देशात तीच माणसं एकाच दारातून ये-जा करत असतील तर एक घर ठरू शकतात. घरातल्या माणसांची सरासरी संख्या तोलताना हा फरक आकड्यातच मुरलेला असतो आणि नंतर कुठल्याही सूत्राने वेगळा काढता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे संख्येऐवजी नात्यावर जाणं: 'साठीपुढचे किती टक्के लोक आपल्या प्रौढ मुलासोबत एका घरात राहतात' हा प्रश्न व्याख्येच्या फरकाला थोडा कमी बळी पडतो. पूर्ण सुटका त्यातही नाही.

दुसरी, प्रश्न कुणाला विचारलाच नाही. निर्णयाचे प्रश्न १५ ते ४९ वयाच्या, सध्या विवाहित किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्या स्त्रियांनाच असतात. एका देशात लग्नं विशीच्या सुरुवातीला आणि दुसऱ्यात तिशीच्या जवळ होत असतील, तर दुसऱ्या देशातल्या २० ते २४ वयाच्या विवाहिता हा एक वेगळाच, लहानसा गट असतो. त्यांना त्या वयोगटाचं प्रतिनिधी मानणं चूक. अशा वेळी तुलना ३० वर्षांपुढे सुरू करा.

तिसरी, कोण कुणाच्या वतीने बोललं. नवऱ्याच्या घरकामाचे तास बायकोने सांगितले की त्याने स्वतः, यावरून आकडा हलतो. पुरुष स्वतःचा वाटा बायकोच्या सांगण्यापेक्षा जास्त सांगतात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. इंटरनॅशनल सोशल सर्व्हेमध्ये एका घरातून एकच माणूस असतो, तरी याचा अंदाज घेता येतो. एकाच देशातल्या, एकाच वयोगटातल्या विवाहित पुरुषांनी सांगितलेले स्वतःचे तास आणि विवाहित स्त्रियांनी सांगितलेले नवऱ्याचे तास या दोन सरासऱ्या शेजारी ठेवा. समजा एका देशात हा फरक दोन तासांचा आणि दुसऱ्यात पाच तासांचा निघाला, तर दोन देशांमधला तीन तासांचा फरक निव्वळ बढाईचा असू शकतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि फारसं कुणी करत नाही.

वेळेच्या डायऱ्या जुळवणं: भारत आणि जपान

इथे जरा थांबून नीट पाहू, कारण अडचणी ठोस आहेत आणि त्यांवरचे उपायही.

भारतात २०१९ ला १,३८,७९९ घरांतल्या ६ वर्षं आणि त्यावरच्या ४,४७,२५० जणांची माहिती मुलाखत घेऊन जमवली. आदल्या दिवशी पहाटे ४ पासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचे २४ तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण, वर्षभर पसरलेलं क्षेत्रकाम. जपानमध्ये १० वर्षांवरची माणसं स्वतः डायरी भरतात, १५ मिनिटांचे खण, लागोपाठचे दोन दिवस, आणि सगळं ऑक्टोबरमध्ये. भारताच्या एकेका व्यक्तीचा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मिळतो. जपानचे प्रकाशित तक्ते ई-स्टॅटवर सहज मिळतात, पण व्यक्तिगत नोंदी मिळवायला परवानगीची वेगळी प्रक्रिया असते.

यातूनच कामाची दिशा ठरते: जो डेटा वाकवता येतो तो वाकवायचा आणि जो तक्ता कडक आहे तो लक्ष्य मानायचा. जपानचा तक्ता 'नवरा-बायको आणि मुलं, सर्वांत धाकटं सहा वर्षांखाली' या घरांचा आहे. मग भारताच्या फाइलमधून कुटुंबप्रमुखाशी असलेल्या नात्याचा रकाना वापरून तशीच घरं निवडा: प्रमुख, त्याची जोडीदार, त्यांची अविवाहित मुलं, दुसरं कुणी नाही, आणि किमान एक मूल सहाच्या आतलं. सासू-सासरे असलेली घरं गळतील, आणि भारतात ती मोठ्या संख्येने गळतील. म्हणून गळालेल्या घरांचं प्रमाण अहवालात लिहा. ते न लिहिता 'भारतीय कुटुंब' असा शब्द वापरणं वाचकाची दिशाभूल आहे.

पुढे कामांची जुळणी. भारत आयकॅटस २०१६ हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतो. त्यात विभाग ३ घरकाम आणि विभाग ४ देखभाल. जपानच्या 'घरकाम-संबंधित वेळे'त घरकाम, शुश्रूषा, बालसंगोपन आणि खरेदी अशा चार गोष्टी आहेत, आणि प्रवास स्वतंत्र मोजलेला आहे. तेव्हा भारताकडून विभाग ३ आणि ४ ची बेरीज घ्या, आणि त्यातून प्रवासाचे उपविभाग काढून टाका. विभाग ३ मध्ये तो ३८ क्रमांकाचा आहे, विभाग ४ मधलाही शोधून काढा. खरेदी ३७ मध्ये आहे, ती राहू द्या.

एक मोठी गोष्ट मात्र या बेरजेत येतच नाही. पाणी भरणं आणि सरपण गोळा करणं आयकॅटसच्या विभाग २ मध्ये, स्वतःच्या वापरासाठीच्या उत्पादनात, जातं. ते सोडलं तर ग्रामीण भारतातल्या बाईचं घरकाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं, आणि ज्या देशात नळ आणि गॅस घरोघरी आहे तिथे काहीच फरक पडत नाही. आमच्या मते उपविभाग २४ धरून आणि वगळून असे दोन आकडे द्यावेत. एकच द्यायचा झाला तर धरून द्या आणि तळटीप टाका.

एकाच वेळी दोन कामं हा पुढचा त्रास. भाजी ढवळताना मूल कडेवर असेल तर तो वेळ कुठे जातो? काही सर्वेक्षणं फक्त मुख्य काम मोजतात, काही दुय्यम कामाचा वेगळा रकाना ठेवतात, काही वेळ वाटून टाकतात. अमेरिकेच्या सर्वेक्षणात दुय्यम काम जवळजवळ नोंदलंच जात नाही, मुलांवर लक्ष ठेवणं हा ठळक अपवाद. दोन्ही देशांत फक्त मुख्य काम घ्या, आणि बालसंगोपनाचा आकडा यामुळे कमी येतो हे मान्य करा.

खणाचा आकारही उत्तर बदलतो. १५ मिनिटांच्या खणात पाच मिनिटांची झाडलोट हरवते, ३० मिनिटांच्या खणात बरंच काही हरवतं. त्यामुळे तुकड्यातुकड्यांची कामं विश्वासाने मोजली जात नाहीत. स्वयंपाकासारखी सलग कामं तुलनेला सुरक्षित.

दिवसांचं वजन विसरू नका. जपानचा साप्ताहिक आकडा म्हणजे कामाच्या दिवसाची सरासरी गुणिले ५, त्यात शनिवार आणि रविवार मिळवून सगळ्याला ७ ने भागलेलं. दुसऱ्या देशाच्या फाइलमध्ये रविवारच्या डायऱ्या जास्त पडल्या असतील आणि वेट लावलं नसेल, तर पुरुषांचं घरकाम उगीच फुगतं.

आणि काळ. जपानचं २०२१ चं सर्वेक्षण महासाथीच्या काळातलं, भारताचं २०१९ चं तिच्याआधीचं. सोय अशी की जपानचं २०१६ चंही आहे, त्यात याच नवऱ्यांचा आकडा १ तास २३ मिनिटं आणि बायकांचा ७ तास ३४ मिनिटं होता. २०२१ ला बायकांचा ७ तास २८ मिनिटं. तुमचा निष्कर्ष दोन्ही वर्षांशी लावून बघा. एका वर्षाने टिकतो आणि दुसऱ्याने पडतो असं असेल तर तो निष्कर्ष छापू नये.

मतांचे प्रश्न: पर्याय, होकार आणि 'सांगता येत नाही'

'नोकऱ्या कमी असतील तेव्हा पुरुषांचा हक्क स्त्रियांपेक्षा जास्त' हा वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेचा गाजलेला प्रश्न. आधीच्या फेऱ्यांत त्याला तीन पर्याय होते, सातव्या फेरीत पाच झाले. एका देशाची सहावी फेरी आणि दुसऱ्याची सातवी घेऊन थेट टक्के लावले की फरक पर्यायांचा निघतो. फाइलमध्ये तीन पर्यायांत दुमडलेला रकाना दिलेला आहे, पण दुमडल्यानेही मधल्या पर्यायाचं आकर्षण पूर्वीसारखं होत नाही. शक्यतो एकाच फेरीत राहा.

कोऱ्या उत्तरांचे कोड आधी साफ करा. या सर्व्हेत उणे १ म्हणजे माहीत नाही, उणे २ म्हणजे उत्तर दिलं नाही, उणे ४ म्हणजे प्रश्न विचारलाच नव्हता. जुन्या फाइल्समध्ये ८, ९, ९८, ९९ असे कोड असतात. घरकामाच्या तासांची सरासरी अचानक पंचवीसच्या पुढे गेली, तर बहुधा कुणीतरी ९९ ला नव्व्याण्णव तास समजलेलं आहे.

'सांगता येत नाही' हे उत्तर नुसतं फेकून देऊ नका. समजा पहिल्या देशात ४० टक्के सहमत, ५७ असहमत, ३ अनुत्तरित. दुसऱ्यात ४० सहमत, ४० असहमत, २० अनुत्तरित. अनुत्तरित वगळले की सहमती ४१ आणि ५० टक्के दिसते, नऊ टक्क्यांची दरी. न वगळता दोन्हीकडे ४०. कोणती बरोबर हे प्रश्नावर अवलंबून आहे, पण दोन्ही दाखवली नाहीत तर वाचकाला ठरवताच येणार नाही.

प्रत्येक विधानाला मान डोलावण्याची सवयही समाजानुसार कमी-जास्त असते. एकाच कल्पनेची दोन उलटी विधानं प्रश्नावलीत असतील तर दोन्हींना 'सहमत' म्हणणारे किती ते मोजा. एका देशात असे ५ टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के निघाले, तर सहमतीच्या टक्क्यांची तुलना तिथेच थांबवा. त्याऐवजी प्रत्येक देशाच्या आत डोकावा: स्त्री-पुरुषांमधली, तरुण-वृद्धांमधली दरी किती? या दऱ्यांची तुलना सवयीच्या परिणामापासून बऱ्याच अंशी सुटते.

अनेक प्रश्न मिळून एक निर्देशांक बनवायचा असेल तर मोजपट्टी दोन्हीकडे एकसारखी चालते का हे बघावं लागतं. किमान तीन, जमल्यास चार प्रश्न घ्या. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या लाव्हान पॅकेजने आधी दोन्ही देशांत रचना एकच आहे का, मग प्रश्नांची भारमूल्यं (प्रत्येक प्रश्न निर्देशांकाशी किती घट्ट जोडलेला आहे) सारखी धरून, शेवटी आरंभमूल्यंही (त्या प्रश्नाच्या उत्तराची मूळ पातळी) सारखी धरून मॉडेल बसवा. प्रत्येक पायरीला सीएफआय (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर तिथे थांबा. दुसरी पायरी टिकली तर परस्परसंबंधांची तुलना चालते. सरासऱ्यांची तुलना तिसरी टिकली तरच. कौटुंबिक मतांच्या बाबतीत, दूरच्या दोन संस्कृती असल्या की तिसरी पायरी बहुधा कोसळते. तेव्हा निर्देशांक सोडून एकेका प्रश्नाचे टक्के द्या.

वेट आणि चुकीची मर्यादा

डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेमध्ये स्त्रियांचं वेट व्ही००५ मध्ये असतं, दहा लाखांनी भागून वापरायचं. ही वेट्स प्रत्येक देशात नमुन्याच्या संख्येइतकी बसवलेली असतात. दोन देशांच्या फाइल्स एकाखाली एक जोडून एकत्र सरासरी काढली तर ज्याचा नमुना मोठा त्याचीच ती सरासरी होते. तशी गरज क्वचितच पडते. देशानुसार वेगळं काढून शेजारी ठेवा.

क्लस्टरचा परिणाम मात्र टाळता येत नाही. एकाच वस्तीतली २० घरं एकमेकांसारखी असतात. सूत्र सोपं आहे: १ अधिक (क्लस्टरमधली संख्या वजा १) गुणिले साम्याचा गुणांक. संख्या २०, गुणांक ०.०५ धरला तर १.९५. म्हणजे १,२०० जणांचा नमुना प्रत्यक्षात सुमारे ६१५ जणांइतकाच बोलतो. ५० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला चुकीची मर्यादा (खरा आकडा दोन्ही बाजूंना साधारण जिथवर असू शकतो ती) सुमारे ४ टक्के येते, आणि असे दोन देश तोलताना फरकाची मर्यादा साधारण ५.६ टक्के. त्यामुळे '४६ विरुद्ध ५० टक्के' यावर लेख उभा करू नका. स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीवायसेट ही आज्ञा, आरमध्ये सर्व्हे पॅकेज. वेट, स्तर आणि क्लस्टर तिन्ही सांगितले की हे आपोआप होतं. एक्सेलच्या पिव्हट टेबलमधून टक्के येतील, मर्यादा येणार नाही.

संस्कृती की लोकसंख्येची घडण?

समजा 'अ' देशात ३५ टक्के लोक शहरी, 'ब' मध्ये ८०. तीन पिढ्या एकत्र असलेली घरं 'अ' च्या शहरांत २० टक्के, खेड्यांत ४०. 'ब' च्या शहरांत १५, खेड्यांत ३८. एकूण आकडा 'अ' चा ३३ आणि 'ब' चा १९.६, दरी १३.४ टक्क्यांची. आता दोन्हीकडे शहर-गाव निम्मं-निम्मं धरून पुन्हा काढा: ३० आणि २६.५. दरी साडेतीन. जवळजवळ दहा टक्के फरक लोक कुठे राहतात त्याचा होता.

हीच रीत वय आणि शिक्षणासाठी लावा. तिन्ही एकत्र घेतले की खण पटकन रिकामे होतात. प्रत्येक खणात किमान ५० जण राहतील एवढेच गट करा. 'शहर' या शब्दाची व्याख्याही तपासा. भारतीय जनगणनेत गावाला नगर ठरवायला किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, अशा अटी आहेत. जपानच्या दाट वस्तीच्या क्षेत्रासाठी घनताच ४,००० लागते.

कच्चा आकडा आणि समायोजित आकडा यांतला खरा कोणता, हा प्रश्नच चुकीचा. 'तिथे लोक कसे राहतात' याला कच्चा आकडा उत्तर देतो, 'सारख्या परिस्थितीत ते वेगळे वागतात का' याला समायोजित. आणि समायोजनानंतर उरलेल्या फरकाला लगेच 'संस्कृती' हे नाव चिकटवू नका. त्यात घरभाडं, पाळणाघरांची सोय, कामाचे तास, वारसा कायदा हे सगळं दडलेलं असतं. देशांतर्गत फरक नेहमी शेजारी छापा: दोन राज्यांमधली दरी दोन देशांमधल्या दरीएवढी निघाली, तर लेखाचं शीर्षक बदलावं लागेल.

लिहिताना

प्रत्येक आकड्यासोबत वय, वर्ष, छेद आणि नमुन्यातली प्रत्यक्ष संख्या द्या. आलेखात दोन देशांचे दोन खांब दाखवण्यापेक्षा चुकीच्या मर्यादेसह ठिपके दाखवा. जुळणी-तक्ता परिशिष्टात जोडा, त्यातल्या न जुळलेल्या ओळींना रंग देऊन. ज्या कोडने घरं निवडली आणि कामांचे उपविभाग जोडले ती फाइलही सोबत ठेवा. 'तुम्ही ३८ क्रमांक का काढला' असं विचारणारा वाचक भेटतोच, आणि त्याचं उत्तर सहा महिन्यांनी आठवत नाही.